बावीस तिकिटं, तेवीस माणसं

“ट्वेंटी-टू,” गाइडबाई म्हणाली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. दारापाशी आम्ही तेवीस जण उभे होतो.

दार साधं होतं. लाकडी, जुनं, बाजूला एक गणवेशातला माणूस. ते उघडलं की आत एक लांबच लांब बंदिस्त रस्ता सुरू होतो. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातला हा रस्ता साडेचारशे वर्षांपूर्वी तिथल्या राजाने स्वतःसाठी बांधून घेतला. कचेरीतून राजवाड्यात जायचं, पण लोकांत मिसळायचं नाही, म्हणून घरांच्या वरून, नदीच्या वरून, पुलावरच्या दुकानांच्याही डोक्यावरून नेलेला. कचेरीची आता चित्रांची गॅलरी झाली आहे आणि हा रस्ता त्या गॅलरीतून सुरू होतो. कित्येक वर्षं तो बंद होता. नुकताच उघडला होता. एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, प्रत्येकाचं नाव आधी द्यावं लागतं, आणि आत शिरलं की मागे फिरता येत नाही. बाहेर पडायचं ते थेट नदीपलीकडे.

माझा ग्रुप गोंदियाचा. मी टूर मॅनेजर आहे. म्हणजे माणसं गोळा करायची, त्यांचे व्हिसा, विमान, हॉटेल, जेवण बघायचं आणि सोबत जाऊन सगळ्यांना मोजून परत आणायचं. या मोजण्याला आमच्यात हेडकाउंट म्हणतात. दिवसातून वीस वेळा करतो. झोपेतही बोटं चालतात.

तर तेवीस माणसं होती आणि तिकिटं बावीस. ही चूक गाइडबाईची नव्हती, गॅलरीचीही नव्हती. मी गोंदियातल्या ऑफिसात बसून बुकिंग उशिरा केलं, तेव्हा त्या स्लॉटमध्ये बावीसच जागा शिल्लक होत्या. मी त्या घेतल्या. कोणाला सांगितलं नाही. आमच्या धंद्यात एक सवय असते. दोन तास गॅलरी पाहिल्यावर कोणी ना कोणी म्हणतंच, “तुम्ही जा, आम्ही बसतो.” कुणाचे पाय दुखतात, कुणाला चहा हवा असतो. त्या भरवशावर मी कितीतरी वेळा एक-दोन तिकिटं कमी काढली होती. कधी अडलं नव्हतं.

पण नावं द्यायची होती. म्हणजे एक नाव गाळायचं होतं. मी फॉर्मची चळत काढली. प्रत्येकाच्या फॉर्मवर तब्येतीचा एक रकाना असतो. सुगंधाबाईंच्या फॉर्मवर त्यांच्या मुलाने लिहिलं होतं, ‘गुडघे, थोडा त्रास.’ मी त्यांचं नाव गाळलं. दोन मिनिटांचं काम.

सुगंधाबाई आणि त्यांचे पती तुळशीरामजी अर्जुनी मोरगावकडचे. धानाचे शेतकरी. घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. गावचा तलाव आमच्या पणज्यानं बांधला, असं तुळशीरामजी पहिल्याच मीटिंगमध्ये चार जणांना सांगून मोकळे झाले होते. बाकी ग्रुप शहरातला. राइस मिलवाले, एक डॉक्टर जोडपं, निवृत्त शिक्षक. हे दोघंच गावाकडचे. मी त्यांना काकाजी आणि काकू म्हणायचो.

त्या दिवशी कोणाचेच पाय दुखले नाहीत.

गॅलरीत गाइडबाई इंग्रजीत सांगत होती आणि मी मराठी-हिंदीत. रेनेसाँ म्हणजे काय, तर त्या काळी तिथल्या चित्रकारांनी माणूस जसा दिसतो तसा काढायला सुरुवात केली. देव काढला तरी त्याला हाडामांसाचा काढला. असं मी सांगत होतो आणि डोक्यात एकच चाललं होतं, कोण बसेल? मिलवाले मोहनसेठ पोट सांभाळत हळूहळू चालणारे. मी आशेने विचारलं, “सेठजी, थक गए क्या? बाहर कॉफी अच्छी मिलती है.”

“अरे, इतना पैसा डाला है, पूरा देखेंगे!”

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “अहो, ह्याच्यासाठी तर आले मी.”

आणि काकू सगळ्यांच्या पुढे. हिरवं लुगडं, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात मी दिलेली पिशवी, तिच्यात पासपोर्ट आणि हॉटेलचं कार्ड. शिंपल्यावर उघड्या अंगाने उभ्या असलेल्या त्या प्रसिद्ध देवीसमोर त्या बराच वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, “गारठली असंन बिचारी.” सगळे हसले. मीही हसलो.

दारापाशी आलो तेव्हा त्याच पहिल्या होत्या.

“काकू,” मी त्यांना बाजूला घेतलं, “तुम्हाला इथं बसावं लागेल.”

“काऊन?”

“आत चढ-उतार खूप आहे. तुमच्या फॉर्मवर गुडघ्याचं लिहिलंय. अशा माणसाला हे लोक सोडत नाहीत.”

“तीन माळे चढून आलो ना मी. कोनाचा हात तरी धरला का?”

“नियम आहे, काकू.”

त्यांनी दाराजवळच्या गणवेशातल्या माणसाकडे पाहिलं. त्याला काय माहीत. तो हसला.

“तो तं हासून राह्यला,” काकू म्हणाल्या. “तो काई म्हणून नाही राह्यला.”

मी खाली बघून कागद चाळले. काकाजी मागे आले. “तिले काऊन बसवून राह्यले?”

“पायामुळे, काकाजी. इथला नियम.”

“पायाले काय झालं? चार महिने झाले, रोज सकारी तलावाच्या पारीवर चालून राह्यली ते, या टूरसाठी. दोन चकरा. मले थकवते.” मग थोडं थांबून म्हणाले, “मंग मी बी बसतो इथंच.”

तेव्हा त्यांना बसू दिलं असतं तर निदान त्या एकट्या राहिल्या नसत्या. पण काकाजी बसले असते तर त्यांचं तिकीट मोकळं झालं असतं, आणि कोणीतरी विचारलंच असतं की मग ते काकूंना का नाही. म्हणून मी म्हणालो, “तुमचं नाव दिलंय काकाजी, नाव दिलेल्या माणसाला जावंच लागतं.” हेही खोटं.

काकूच म्हणाल्या, “तुमी जा जी. दोघं बसून काय करता? पाहून या अन् सांगा मले.”

मी त्यांना बाकावर बसवलं. इथून हलायचं नाही, तासाभरात मी स्वतः न्यायला येतो, असं बजावलं. मराठीशिवाय त्यांना काही येत नव्हतं. फोन एकच, तो काकाजींच्या खिशात.

दार मागे बंद झालं.

तो रस्ता लोकांना फार आवडतो. मला त्याची आठवण नको वाटते. आधी पायऱ्या उतरतात, मग पांढऱ्या भिंती, लाल विटांची फरशी आणि दर काही पावलांवर छोट्या खिडक्या. खिडक्यांना जाळी. आतला माणूस खालचं सगळं पाहू शकतो, खालच्याला वर कोण आहे ते कळत नाही. राजाची सोय. गाइडबाई हे रंगवून सांगत होती. मी भाषांतर करत होतो आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ पाहत होतो. मोहनसेठ व्हिडिओ काढत होते. मध्येच त्यांनी विचारलं, “टॉयलेट किधर है?” टॉयलेट नाही म्हटल्यावर म्हणाले, “राजा का काम कैसे चलता था?” त्यावर हशा पिकला. मी पुन्हा घड्याळ पाहिलं.

पुलाच्या मधोमध मोठ्या खिडक्या आहेत. तिथे सगळे नदी बघायला गर्दी करतात. मी त्याच्या थोडं पुढे एका छोट्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. सहज खाली पाहिलं.

खाली पुलावर माणसांची दाटी होती. त्या दाटीत हिरवं लुगडं.

काकू एकट्या चालल्या होत्या. रमत-गमत नाही, शेतावर निघाल्यासारख्या. चार पावलं चालायच्या, थांबायच्या, मान वर करून आमच्या खिडक्यांच्या रांगेकडे पाहायच्या, की पुढे. माझ्या खिडकीखाली आल्या आणि थेट माझ्याकडे पाहिलं. म्हणजे मला तसं वाटलं. जाळीतून त्यांना मी दिसणं शक्य नव्हतं.

मी मागे सरकलो.

काच ठोकायला हवी होती. काकाजींना हाक मारायला हवी होती. निदान गाइडबाईला सांगायचं, ती वॉकीटॉकीवर कोणाला तरी खाली पाठवू शकली असती. मी मागे सरकलो, कारण काकाजींनी त्यांना तसं ताडताड चालताना पाहिलं असतं तर पायाचं खोटं तिथंच उघडं पडलं असतं.

पुन्हा खिडकीशी गेलो तेव्हा त्या दिसेनाशा झाल्या होत्या.

पुढची वीस-पंचवीस मिनिटं मी काय भाषांतर केलं, देव जाणे. रस्ता संपतो तो राजवाड्याच्या बागेत. बाहेर पडल्या पडल्या ग्रुप बागेत बसवला, काकूंना आणायला जातो म्हणालो आणि धावत सुटलो. पूल ओलांडून गॅलरीपर्यंत गेलो. अर्थात बाक रिकामा असणार हे मला ठाऊक होतं, तरी गणवेशातल्यांना विचारत सुटलो. परत पुलावर आलो. दुकानं सोनारांची. प्रत्येक दुकानात डोकावलो. नदीकाठ पाहिला. हिरवं काही दिसलं की तिकडे धावायचो. पाऊण तास गेला. काकाजींचे सहा फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत.

शेवटी त्या सापडल्या त्या पुलाच्या राजवाड्याकडच्या टोकाला; जाताना गर्दीत मी त्यांच्या समोरूनच धावत गेलो होतो. तिथे तो रस्ता घरांच्या मागे शिरतो आणि खालून दिसेनासा होतो. त्या जागी भिंतीला पाठ टेकून काकू उभ्या होत्या. बसल्या नव्हत्या.

“कुठं गेला होतात काकू!”

“तुमीच कुठं गेले होते? इथपावेतो दिसले मले भोकं,” त्यांनी वरच्या गोल खिडक्यांकडे बोट केलं, “मंग हरवले.”

“पण तुम्ही आलात कशाला? आणि कशा?”

“मानसाचा पूर यिऊन राह्यला होता तिथं, बसाले जीव नाही लागला. मंग पाह्यलं तं तुमचा हा रस्ता तिथल्या खिडकीतून दिसून राह्यला, कमानीवरून जाते कुठं तरी. आमच्या इथची नहर तरी काय करते जी? तलावातून निंगते, बांधीले जाते.” बांधी म्हणजे धानाचं शेत, बांध घातलेलं. “नहरीच्या काठानं चाललं का बांधी भेटतेच. मी खालून खालून आलो. इथं दिसनं बंद झाली, तं जिथं शेवटची दिसली तिथंच उभा राह्यलो. इकडं-तिकडं हिंडलं का मानूस चुकते.”

परक्या देशात, एक शब्द न समजता, ज्या बाईला मी चालता येत नाही म्हणून बसवलं होतं, ती तीन मजले उतरून पाऊण वाट बरोबर चालत आली होती. आणि हरवल्यावर करायची योग्य गोष्टही तिनेच केली होती.

हे मी आज लिहितो आहे. तेव्हा मी त्यांचा दंड धरून त्यांना बागेकडे नेलं. काकाजी फाटकाशीच उभे होते. भीतीने पांढरे पडलेले. भीतीचा राग झाला.

“एका जागी बसाले सांगितलं तं बसता येत नाही तुले? ह्यो काय आठवडी बजार हाय?”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मध्ये पडेन असं त्यांना वाटलं असावं.

उशीर झाला होता. शहरात मोठ्या बसला थांबायची ठरावीक वेळ असते, ती टळली की ड्रायव्हर लांब निघून जातो. आम्हाला उन्हात बरंच चालावं लागलं. ग्रुप चिडलेला. संध्याकाळची खरेदी बुडाली. डॉक्टरसाहेब म्हणाले, “एका माणसामुळे बावीस जणांचा खोळंबा.” बस सुटली तेव्हा आता सगळे माझ्याकडेच बोट दाखवतील असं मला वाटत होतं. मी माइक घेतला.

“आज जे झालं ते पुन्हा व्हायला नको,” मी म्हणालो. “ज्यांना चालणं झेपत नाही, त्यांनी सांगितलेल्या जागी बसावं. ते जमत नसेल तर पुढे बसमध्येच थांबलेलं बरं. ग्रुपचा विचार करा.”

“सही बात है,” मोहनसेठ म्हणाले. कोणीतरी टाळी वाजवली.

मी नाव घेतलं नाही, एवढा सभ्यपणा दाखवला.

दुसऱ्या दिवशी पिसाचा कलता मनोरा. सगळे उतरले, काकू उतरल्या नाहीत. “मी इथंच बसतो,” म्हणाल्या. नंतर रोम. तिथेही तेच. ड्रायव्हर आणि त्या, दोघंच बसमध्ये. त्या त्याला चिवडा द्यायच्या, तो त्यांना संत्री द्यायचा. काकाजी प्रत्येक ठिकाणी आइस्क्रीमचा कप घेऊन पळत यायचे, तोवर ते वितळलेलं असायचं. मी रोज हेडकाउंट करताना बाविसावर थांबायचो आणि मग बसकडे पाहून तेवीस म्हणायचो.

आम्ही परत आलो. टूर उत्तम झाली असं सगळ्यांनी लिहून दिलं. काकाजींनीही.

हे मिटलं असतं. मी मिटवलं होतंच. पण काही महिन्यांनी काकाजींचा फोन आला. नेपाळच्या टूरचं विचारत होते.

“दोन सीट धरू ना काकाजी?”

“नाही जी, एकच. ते नाही येत म्हणते. मले चालनं जमत नाही म्हणते.”

“गुडघा वाढला का?”

“गुडघ्याले काय धाड भरली? पारीवर जानंच सोडलं तिनं. देवळात बी नाही जात. इटलीवाल्यायनं पायाले नापास केलं म्हणते, मंग कायले चालू? तुमी तं सांगितलंच होतं तवा.”

फोन ठेवला आणि मला ऑफिसात बसवेना. घरी बसवेना. चार दिवस असेच काढले. पाचव्या दिवशी गाडी काढली. कोहमाऱ्याला चहा प्यायला थांबलो, तिथून परत फिरावं असं दोनदा वाटलं. एकदा गाडी वळवलीही होती.

काकू ओसरीवर सुपात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा घेऊन सोलत बसल्या होत्या. काकाजी मोरगावला की कुठे गेलेत, असं काहीतरी म्हणाल्या, माझं लक्ष नव्हतं. त्या उठायला लागल्या तशी मी म्हणालो, “बसा काकू. मला एक सांगायचंय.”

आणि सांगितलं. नियम नव्हता. तुमच्या पायांना कोणी नापास केलं नाही. तिकीट एक कमी होतं, मीच कमी काढलं होतं, आणि तुमचं नाव मीच गाळलं. पुलावर तुम्हाला पाहिलं तेही सांगितलं. मागे सरकलो तेही.

शेंगा सोलणं चालूच होतं.

“माहंच नाव काऊन?” त्यांनी विचारलं.

“फॉर्मवर गुडघ्याचं होतं म्हणून.”

“त्या सेठचा तं बीपी होता. डॉक्टरीणबाईले दमा. गोया खात होती रोज. ते होतं का फॉर्मवर?”

“होतं.”

“मंग?”

मी सुपातली एक शेंग उचलून परत ठेवली. मग म्हणालो, “त्यांनी भांडण केलं असतं. तुम्ही करणार नाही असं वाटलं.”

काकूंनी मान हलवली. रागावल्या असं दिसलं नाही. हिशेब लागत नसल्यासारखं तोंड झालं.

“आमी गेलो तं बावीस जन होतो, अन् तुमी तेविसावे,” त्या म्हणाल्या. “तिकटं बावीस. मी बाहेर. म्हंजे एक तिकीट तुमचं होतं.”

“हो.”

“तुमी काऊन नाही बसले बाकावर?”

इथपर्यंत लिहिताना मी एक गोष्ट गाळली आहे, आता सांगतो. दारापाशी गाइडबाईने मला विचारलं होतं. नाव बदलायचं असेल तर पाच मिनिटांत बदलून देते, म्हणाली होती. आतलं सगळं तीच सांभाळणार होती. ग्रुपमधले अर्धे जण इंग्रजी समजणारे होते, माझ्या भाषांतरावाचून कोणाचं अडलं नसतं. मी नको म्हणालो. त्या गॅलरीत मी सात ग्रुप नेले होते आणि सातही वेळा ते दार बंद पाहिलं होतं. ते उघडलं तेव्हा मला आत जायचं होतं. एवढंच.

हे मी काकूंना असंच सांगितलं.

“पाह्यलं मंग? चांगलं होतं का आतमंदी?”

“काही दिसलं नाही काकू मला.”

“मंग दोघायचंही गेलं,” त्या म्हणाल्या. सूप खाली ठेवलं. “मले सांगून काय करता? मले तं माहे पाय ठाऊक होते, तुमीच भुलवलं. बसमंदी सगळ्यायपुढं बोलले ना? तवा टाळी वाजली. आता सगळ्यायले सांगा. अन् ह्यायले पयले सांगा. चार लोकांपुढं मले बोलले ते.”

चहा दिला नाही. आमच्याकडे ओसरीवर आलेल्या माणसाला चहा न देणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

संध्याकाळी काकाजी आले. त्यांना सांगितलं. ते ऐकून आत गेले आणि बाहेर आलेच नाहीत. आतून त्यांचा आवाज येत होता, पण शब्द कळले नाहीत. मी तासभर अंगणात थांबून निघालो.

ग्रुपचा व्हॉट्सअ‍ॅप अजून चालू होता. सणांचे मेसेज यायचे. त्यावर मी सगळं लिहिलं, जसं इथे लिहिलं आहे तसंच, आणि काकूंना वाचता येत नाही म्हणून बोलूनही पाठवलं. मोहनसेठ म्हणाले, “छोड़ो भाई, होता है.” डॉक्टर जोडपं ग्रुप सोडून गेलं. एका शिक्षकांनी विचारलं की तुम्ही आमच्याबाबतीत असं कधी केलं होतं का. केलं होतं. तेही लिहिलं. पुढच्या मोसमात तीन बुकिंग गेली. शहर लहान आहे.

काकू नेपाळला जाऊन आल्या. दोघंही गेले, पण माझ्याबरोबर नाही. भंडाऱ्याच्या एका टूरवाल्याकडून गेले. तो माझा ओळखीचा. म्हणाला, तुझ्या त्या बाईंनी सगळ्यांच्या पुढे चढून मंदिर पाहिलं, आणि निघण्याआधी माझ्या हातातली तिकिटं स्वतः मोजून घेतली.

आता मी यादी करताना माझं नाव सर्वांत खाली लिहितो. जागा कमी पडली की पहिलं तेच जातं. मागच्या महिन्यात फ्लॉरेन्सला पुन्हा ग्रुप नेला. एक तिकीट कमी पडलं. मी बाहेर उन्हात दीड तास उभा होतो. पाय चांगलेच दुखले.